दूध जास्त येणाऱ्या बाळंतिणीसाठी मेडिकलमधल्या वस्तू : काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

सांगलीत किंवा मिरजेत मेडिकलच्या काउंटरवर "बाळंतिणीला दूध फार येतंय, छाती दाटलीय" असं सांगितलं, की बहुतेक वेळा समोर ब्रेस्ट पंप येतो. "दूध पुरत नाही" असं सांगितलं तरी तोच पंप येतो. खोक्यावर दोघींसाठी एकच मजकूर छापलेला असतो, त्यामुळे दुकानदाराला तरी काय बोलणार? पण या दोघींची गरज एकमेकींच्या अगदी उलट आहे. एकीला गुणकारी ठरणारी वस्तू दुसरीला आठ दिवसांत तापानं फणफणत दवाखान्यात पोचवू शकते.

त्याचं कारण दूध तयार होण्याच्या पद्धतीत आहे. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस दूध संप्रेरकांच्या जोरावर उतरतं. त्यानंतर किती तयार व्हायचं ते किती बाहेर पडलं त्यावर ठरू लागतं. छातीत दूध साठून राहिलं की त्यातलाच एक घटक दूध बनवणाऱ्या पेशींचं काम मंद करतो. छाती रिकामी झाली की काम पुन्हा वेग घेतं. म्हणून खालच्या प्रत्येक वस्तूला इथे एकच प्रश्न विचारला आहे: ही छाती रिकामी करते, की फक्त ताण हलका करते? रिकामी करणारी वस्तू जास्त दूध असलेल्या आईनं सहसा घेऊच नये.

आधी खात्री, मग खरेदी

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी होणं म्हणजे दूध जास्त असणं नव्हे. ते पहिलं दाटणं आहे. त्यात सूज असते, सलाइन जास्त चढलं असेल तर त्याचंही पाणी असतं, आणि बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा प्यालं की दोन-तीन दिवसांत ते उतरतं. ब्लाउज ओला होणं किंवा एका बाजूला पाजताना दुसरीकडून गळणं हाही पुरावा नाही. दूध बेताचंच असलेल्या कित्येक जणींचंही गळतं. दूध आणि मागणी यांचा मेळ बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर थोडं इकडेतिकडे होणारच.

खरंच जास्त असेल तर खुणा एकत्र दिसतात. पाजून झाल्यावरही छाती मऊ होत नाही. पान्हा सुटला की धार उडते, बाळ ठसकतं, गटागट गिळतं, चटकन तोंड सोडून रडतं किंवा धार थोपवायला बोंडशी (स्तनाग्र) हिरड्यांत चावून धरतं. पोटात गॅस धरतो, शी हिरवट, फेसाळ आणि जोरात होते. भराभर आलेल्या दुधात साखर भरपूर आणि त्या मानानं स्निग्धांश कमी असतो. ते आतड्यातून घाईनं पुढे सरकतं आणि साखर नीट न पचता आंबते, म्हणून हे होतं. आईला पुन्हा पुन्हा गाठी धरतात, कधी ताप येतो.

सगळ्यांत भरवशाचा काटा मात्र वजनाचा. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅमनं वाढतं, आणि भरपूर दूध मिळणाऱ्या बाळाचं बहुधा याच्या बरंच पुढे पळतं. त्यासाठी काही विकत आणायला नको. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन वजन करतात. त्या नोंदी कार्डावर लिहून घ्या. बाळाचं वजन वाढत नसेल किंवा पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा लंगोट ओले होत नसतील, तर खालचं काहीही करू नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, कारण अशा वेळी ठसकणारं बाळ नीट तोंडात धरतच नसण्याची शक्यता असते.

फुकटातलं साधन : आपले हात

हातानं दूध काढायला एका वाटीखेरीज काही लागत नाही आणि जास्त दुधासाठी याच्या तोडीचा पंप नाही. हात साबणानं धुवा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडशीच्या बुडापासून तीनेक सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. पुन्हा मागे, दाबा, सोडा. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत आणि बोंडशी ओढायची नाही. त्यानं दूध येत नाही, फक्त सोलवटतं. बोंडशीभोवतीचा काळपट भाग मऊ झाला की थांबायचं. बहुतेकींना एक-दोन चमचे, फार तर १५-२० मिली काढल्यावर तेवढं होतं. वाटी भरेपर्यंत काढत बसलात, तर पंपानं जे बिघडतं तेच इथेही बिघडेल.

छाती इतकी घट्ट असेल की बाळाला धरताच येत नाही, तर दूध काढण्याआधी दोन्ही हातांची बोटं बोंडशीच्या बुडाशी गोल ठेवून सरळ मागे, न दुखेल इतपत, मिनिटभर दाबून धरा. सूज तेवढ्यापुरती मागे सरते आणि बाळाच्या तोंडात मावेल एवढा भाग मऊ होतो.

धार आवरण्यासाठी बसण्याची पद्धत बदलणं हेही फुकटच आहे. पाठीमागे दोन-तीन उशा घेऊन रेलायचं आणि बाळाला आपल्या पोटावर पालथं, तोंड छातीच्या वरून येईल असं घ्यायचं. दुधाला वर चढावं लागतं, बाळ मान मागे घेऊ शकतं, ठसका कमी होतो. कुशीवर झोपून पाजलं तरी जादाचं दूध तोंडाच्या कडेनं खाली ओघळतं. खाली दुपटं घडी करून ठेवा. पान्हा सुटताना बाळाला क्षणभर बाजूला घेऊन पहिली जोराची धार पंच्यात टिपली, तरी पुढचं पाजणं शांत होतं.

रबरी फुग्याचा पंप : घेऊ नका

मेडिकलच्या काउंटरखाली कुठेतरी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भोंग्याला लाल रबरी फुगा लावलेला पंप अजून असतो. स्वस्त आहे, बाकी त्याची एकही बाजू चांगली नाही. ओढ किती लागते यावर हाताचा ताबा राहत नाही, बोंडशीला चीर पडते. काढलेलं दूध उलटं फुग्यात शिरतं, आणि फुग्याच्या आतून ब्रश फिरत नाही. उकळला तरी आतला साय धरलेला थर निघत नाही. असं दूध बाळाला पाजायचं नाही. घरात थोरल्या जावेच्या वेळचा असा पंप असेल तर तो काढून टाका.

दांड्याचा हातपंप : घेतलाच तर हा

हाताशी लागणारं यंत्र हवंच असेल, म्हणजे आईचे हात लवकर भरून येत असतील किंवा मनगट दुखत असेल, तर एका दांड्याचा हातपंप पुरे. साधारण ५०० ते १५०० रुपयांत मिळतो. याचा गुण असा, की तो थकवतो. दोन-तीन मिनिटांत हात आपोआप थांबतो, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

घेताना दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे भोंग्याच्या नळीचं माप. खोक्यात बहुधा २४ किंवा २७-२८ मिलिमीटरचा भोंगा येतो. बोंडशीची रुंदी बुडाशी पट्टीनं मोजा, काळा भाग धरायचा नाही, आणि त्यात दोन ते चार मिलिमीटर मिळवा. नळी मोठी झाली तर काळा भागही आत ओढला जातो आणि सुजतो. लहान झाली तर बोंडशी कडेला घासते, पांढरी पडते. दुकानात वेगळ्या मापाचा भोंगा सुटा मिळतो का, हे पैसे देण्याआधीच विचारा. पंप एकदा उघडला की आरोग्याच्या कारणानं कोणी परत घेत नाही, आणि ते योग्यही आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे झडप. भोंग्याखाली चोचीच्या आकाराची किंवा चकतीसारखी मऊ सिलिकॉनची झडप असते. "पंप बिघडला" अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा हीच फाटलेली किंवा चीर ताणून रुंद झालेली असते. तिच्यात ब्रश किंवा बोट घालायचं नाही. साबणाच्या पाण्यात हलवून वाहत्या पाण्याखाली धुवायची. बसवण्याआधी पूर्ण वाळू द्या, कारण थेंबभर पाण्यानंही पडदा चिकटतो आणि ओढ लागत नाही. सुट्या झडपा मिळत नसतील तर तो पंप कितीही सुबक दिसला तरी सोडून द्या. विश्रामबागेतल्या किंवा मारुती रोडच्या लहान मुलांच्या दुकानात पंपाची निवड जास्त मिळते. सुट्या भागांसाठी मिरजेतल्या दवाखान्यांच्या आजूबाजूची सर्जिकल दुकानं बरी.

वापर असा: दांडा हलका दाबून छोटे छोटे हिसके द्या, पान्हा सुटला की दोन मिनिटांत काळा भाग मऊ होतो, थांबा. दुखलं तर ओढ कमी करा. दुखण्यानं दूध जास्त येत नाही. धुताना सगळे भाग सुटे करा आणि दिवसातून एकदा उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. बोअरचं जड पाणी असेल तर सिलिकॉनवर पांढरी पूड बसते. जड नसलेलं पिण्याचं पाणी वापरलं तर झडप जास्त टिकते.

पंपाला लावलेली बाटली हा पंपाचाच भाग असतो. पण "सोबत दुधाची बाटली फुकट" अशी लालूच कोणी दाखवत असेल तर ती नाकारा. दूधबाटल्यांची अशी जाहिरात आणि भेटी देऊन विक्री करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि २००३ च्या दुरुस्तीनं ती आणखी कडक झाली. काढलेलं थोडं दूध पाजायला बोंडलं किंवा वाटी-चमचा पुरतो.

विजेवरचा दुहेरी पंप

कामावर परत जाणारी आई किंवा बाळ काचेत ठेवलेलं असणारी आई यांच्यासाठी हे उत्तम यंत्र आहे. ज्यांना मुळातच दूध जास्त आहे त्यांच्यासाठी ही सगळ्यांत वाईट खरेदी. बाळ पिऊन झाल्यावर दोन्ही बाजूंना पंधरा मिनिटं पंप लावला, तर शरीर असं समजतं की घरात जुळी आहेत. दोन-तीन दिवसांत छाती पंपाच्या वेळेला घट्ट होऊ लागते, आणि मग पंप न लावणं असह्य होतं.

ज्या आधीच या चक्रात अडकल्या आहेत त्यांनी पंप एका दिवसात बंद करू नये. अचानक थांबल्यानं दूध तुंबून स्तनदाह होऊ शकतो. दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक वेळचं एक-दोन मिनिट कमी करा, किंवा १५-२० मिली कमी काढा. मग दोन वेळांमधलं अंतर वाढवा. छाती घट्ट वाटली तर हातानं थोडं काढून सैल करा. रात्रीची वेळ शेवटी सोडा.

सिलिकॉनची चिकटणारी बाटली : सगळ्यांत फसवी वस्तू

हल्ली ऑनलाइन खूप खपणारी आणि "पंप नाही, नुसतं गळणारं दूध गोळा करते" असं सांगून विकली जाणारी वस्तू. मऊ सिलिकॉनची बाटली दाबून दुसऱ्या बाजूला लावायची. ती पोकळीनं चिकटते आणि बाळ इकडे पीत असताना तिकडे भरत राहते. काही हलवावं लागत नाही, आवाज नाही, हात मोकळे. त्यामुळेच ती पंपात मोडत नाही असं वाटतं.

पण ती ओढतेच. एका पाजण्यात ४० मिली जमलं आणि दिवसात आठ वेळा लावली, तर ३२० मिली झालं. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसभरात साधारण ७५० ते ८०० मिली दूध पितं. म्हणजे शरीराला रोज आणखी जवळपास निम्म्या बाळाची मागणी जाते आणि ते प्रामाणिकपणे पुरी करतं. महिन्याभरात फ्रीज भरतो, छाती मात्र सैल होत नाही. दूध मुळात बेताचं आहे त्यांना ही वस्तू छान. जास्त आहे त्यांनी लांब ठेवावी. घरात आलीच असेल तर न दाबता नुसती खाली धरून गळणारं दूध टिपण्यापुरती वापरा.

ब्राच्या आत बसणारी कठीण प्लास्टिकची वाटी ओढत नाही, त्यामुळे त्या मानानं बरी. तरी तिची कडा छातीवर रुतते आणि त्या जागी गाठ धरू शकते. पाजण्यापुरती २०-३० मिनिटं ठेवा, दिवसभर घालून फिरू नका. तासन्तास अंगाच्या उबेत राहिलेलं त्यातलं दूध टाकून द्या.

गार आणि गरम

जेल पॅक ही या यादीतली डोळे झाकून घ्यावी अशी एकमेव वस्तू. दोन घ्या. फ्रीजमध्ये ठेवा, पाजून झाल्यावर पंच्यात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटं लावा. थेट कातडीवर नको. नसेल तर ओला पंचा फ्रीजमध्ये गार करून तेच काम होतं. गार लावल्यानं रक्ताचा ओघ आणि सूज कमी होते, दुखणं उतरतं.

कोबीचं पान हे त्याचंच स्वस्त रूप. मंडईतून ताजा गड्डा आणा, बाहेरची दोन पानं टाका, आतली मिठाच्या पाण्यात धुऊन गार करा, जाड शीर लाटण्यानं चेपा, बोंडशी मोकळी ठेवून १५-२० मिनिटं लावा, दिवसातून दोनदा. त्याचा पुरावा फारसा भक्कम नाही, पण दाह नक्की कमी वाटतो. कातडीला चीर असेल तर लावू नका.

हॉट बॅगबद्दल घरात वाद होणार हे धरूनच चाला. बाळंतिणीला शेक-शेगडी ही आपल्याकडची पिढ्यांची माया आहे, आणि कमरेला, पाठीला शेक जरूर द्या. दाटलेल्या छातीला मात्र शेक नको. उष्णतेनं रक्ताचा ओघ वाढतो आणि सूज चढते. अंग चोळायला येणाऱ्या मावशींनाही आधीच प्रेमानं सांगून ठेवा: गाठ फोडायची नाही, छाती रगडायची नाही, पिळून दूध काढायचं नाही. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२२ मध्ये स्तनदाहाबद्दलच्या सूचना बदलल्या, त्यात हाच भर आहे: जोरानं मालिश नको, छाती सारखी रिकामी करणं नको, गार लावा, बाळ मागेल तसं पाजत राहा. हात लावायचाच तर मांजराच्या पाठीवरून फिरवावा इतका हलका, काखेकडे.

छाती फडक्यानं करकचून बांधण्याची पद्धत काही घरांत आहे. ती सोडा. दूध आटण्याआधी नळ्या तुंबतात.

पॅड आणि ब्रा

एकदाच वापरायचे पॅड प्रवासाला आणि लग्नकार्याला ठीक. रोज वापरले तर मागच्या प्लास्टिकमुळे घाम कोंडतो, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बोंडशीला बुरशीची खाज सुटायला वेळ लागत नाही. ओला झाला की लगेच बदला. पॅड सुकून चिकटला तर खसकन ओढू नका, पाण्यानं भिजवून सोडवा.

धुवायचे पॅड जास्त चांगले. तयार घ्यायचे नसतील तर कापड पेठेतून मलमल किंवा जुन्या धुतलेल्या धोतराचं सूत घेऊन १२ सेंटिमीटरचे गोल कापा, चार-पाच थर ठेवून कडेनं शिवा. दूध जास्त असलेल्या आईला आठ जोड लागतात. पावसाळ्यात, त्यातही कोयनेकडच्या किंवा महाबळेश्वरच्या बाजूला, बारा करा, कारण वाळत नाहीत. कपडे मऊ करायचं द्रव धुण्यात घालू नका; त्यानं सूत पाणी ओढेनासं होतं.

ब्रा तारेची नको, आणि नेहमीपेक्षा एक माप सैल. काखेकडची शिवण छातीवर रुतत असेल तर तिथेच गाठ धरते. घरच्या घरी सैल सुती ब्लाउज किंवा गाऊन घातला तरी चालतं.

दूधवाढीची पूड आणि लाडू

शतावरीचं कल्प, दूधवाढीची ग्रॅन्यूल्स, मेथीच्या कॅप्सूल हे सगळं जास्त दुधाच्या आईनं आजच थांबवावं. हे दवाखान्यातून घरी सोडताना अनेकदा सरसकट लिहून दिलेलं असतं आणि मग कोणी बंद करायला सांगत नाही. डोमपेरिडोनची गोळी दूध वाढावं म्हणून सुरू असेल तर ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करून थांबवा. अळीव आणि डिंकाच्या लाडवांचा दुधावरचा परिणाम ठाम सिद्ध नाही. आईला भूक असते, एखादा लाडू खाऊ द्या, पण "दूध यावं म्हणून" वाटीवाटीनं खीर नको. पाणी तहानेपुरतं प्या. पाणी कमी पिऊन दूध आटत नाही, फक्त आईची दमणूक होते.

सर्दीच्या काही औषधांतलं स्यूडोएफेड्रिन दूध कमी करतं. २००३ मधल्या एका छोट्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच डोसानं दिवसाचं दूध सरासरी २४ टक्के घटलं होतं. म्हणून कोणी "सर्दीची गोळी घे" असं सुचवलं तर रक्तदाब, झोप आणि बाळाची चिडचिड यांचा विचार डॉक्टरांनाच करू द्या. दूध थांबवणाऱ्या कॅबरगोलिनच्या गोळीचंही तेच. दूध पूर्ण थांबवायला मोगऱ्याची फुलं छातीवर बांधण्याची पद्धत दक्षिणेत आहे आणि १९८८ मध्ये तिची तुलना ब्रोमोक्रिप्टीनच्या गोळीशी केलेली आहे. पण ती दूध थांबवण्यासाठी. पाजणाऱ्या आईनं ती करू नये.

पैसे न लागणारा उपाय : तीन तास एकच बाजू

बाळ चार ते सहा आठवड्यांचं झालं, वजन छान वाढतंय आणि वरचं सगळं करूनही छाती उतरत नाही, तेव्हाच हे करा. सकाळी सहा ते नऊ बाळ जितक्या वेळा मागेल तितक्या वेळा उजवी बाजू द्या. नऊ ते बारा डावी. याप्रमाणे संध्याकाळपर्यंत. थांबलेली बाजू टणक झाली तर हातानं चमचाभर काढा, वर गार पट्टी ठेवा. रात्री दोन्ही बाजू द्या. साठलेलं दूध त्या बाजूला "आता पुरे" असा निरोप देतं.

एक-दोन दिवसांत फरक पडू लागतो. छाती मऊ वाटली, गळणं कमी झालं, की नेहमीसारखं पाजायला लागा. बिघडतं ते इथेच: आराम पडला म्हणून महिनाभर हेच चालू ठेवलं की दूध खरंच कमी पडतं. चार-पाच दिवसांत फरक नाही तर तास वाढवत बसू नका, तज्ज्ञांना दाखवा. थायरॉइडची तपासणी करावी लागू शकते. आणि बाळाचं वजन दर आठवड्याला करा.

पिशव्या, फ्रीज आणि दान

दूध साठवायच्या पिशव्या चांगल्या असतात, पण जास्त दुधाच्या आईच्या हातात त्या मोहाच्या ठरतात. फ्रीजर भरायचा म्हणून दूध काढू नका. आपोआप निघालेलं साठवायचं तर ६० ते ९० मिलीचे छोटे वाटे करा, वर तीन बोटं जागा सोडा, तारीख लिहून आडवी गोठवा. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजच्या आतल्या बाजूला चार दिवस. सांगलीच्या उन्हाळ्यात पारा ३८-४० अंशांवर जातो, तेव्हा चार तासांचा हिशेब विसरा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. दाराच्या कप्प्यात नको. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा वीज गेली की लवकर वितळतो, तिथे दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका. वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही.

खरंच उरत असेल तर दान हा सुंदर मार्ग आहे. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली. सरकारनं २०१७ मध्ये सरकारी दवाखान्यांतल्या अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सांगलीचं शासकीय रुग्णालय, मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय यांच्या नवजात शिशू विभागात चौकशी करा. पेढी आईच्या रक्ताची तपासणी करते, दूध पाश्चराइझ करते, म्हणून शेजारच्या बाळाला परस्पर दूध देण्यापेक्षा हे सुरक्षित. मात्र दान करायचं म्हणून दूध वाढवू नका.

कधी दवाखाना

छातीचा तुकडा लाल, गरम, ठणकणारा आणि सोबत ३८.५ अंश सेल्सिअसच्या (सुमारे १०१ फॅरनहाइटच्या) वर ताप किंवा थंडी वाजून येणं असेल तर चोवीस तासांच्या पुढे घरगुती उपाय करत थांबू नका. प्रतिजैविक लागू शकतं, आणि पाजणं चालूच ठेवायचं असतं. त्या दुधानं बाळाला अपाय होत नाही. दोन-तीन दिवसांत न विरघळणारी गाठ असेल तर सोनोग्राफीनं पू झाला आहे का ते पाहतात. दाखवायला जाताना बाळाला सोबत न्या, म्हणजे डॉक्टर पाजताना पाहतील. वजनाचं कार्ड, घेत असलेल्या पुडी-गोळ्यांची वेष्टनं, पंप वापरत असाल तर त्याचा भोंगा, आणि मागच्या दोन दिवसांत कधी कुठली बाजू पाजली आणि किती दूध काढलं याचा कागदही न्या.